चाहत्याला विचारलं कुणी?

१९९० च्या जानेवारीत न्यायमूर्ती पीटर टेलर यांचा अंतिम अहवाल ब्रिटिश सरकारपुढे आला. आदल्या वर्षी १५ एप्रिलला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यातल्या एफए कप फुटबॉल स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात लोखंडी जाळ्यांमागे माणसं चेंगरून मेली होती. त्या बळींची संख्या आज ९७ धरली जाते. त्यातला शेवटचा जखमी ३२ वर्षांनी, २०२१ मध्ये गेला. टेलर यांनी शिफारस केली, की मोठ्या मैदानांवरच्या उभं राहून सामना पाहायच्या पायऱ्या काढून टाकाव्यात आणि प्रत्येक प्रेक्षकाला बसायला खुर्ची मिळावी. खुर्च्या आल्या की तिकीट महागणार, ही धास्ती तेव्हाही होती. टेलर यांनी तिची दखल घेतली आणि ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाचा दाखला दिला. तिथे उभं राहायला ४ पौंड पडत, बसायला ६. म्हणजे कमी पैशांत उभं राहणाऱ्यालाही परवडेल अशी खुर्ची देणं शक्य आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

अहवालातल्या खुर्च्या सक्तीने आल्या. तिकिटाची गोष्ट मात्र क्लबांच्या मर्जीवर राहिली. २०१६ मध्ये लिव्हरपूलने नव्या स्टँडमधल्या सर्वांत महाग जागेचा दर ७७ पौंड ठरवला. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मँचेस्टर युनायटेडने हंगाम निम्माही झाला नसताना सदस्यांसाठी उरलेल्या तिकिटांना सरसकट ६६ पौंड लावले आणि लहान मुलांची, वृद्धांची सवलत काढून घेतली. महागाईचा हिशेब घातला तरी आयब्रॉक्सचे ते ६ पौंड आज २० पौंडांच्या आत बसतात. वरची सगळी वाढ खेळाच्या लोकप्रियतेची आहे. खेळ जगभर गाजला, त्याचा भाव वधारला आणि ज्यांच्या आरोळ्यांनी तो गाजला त्यांनाच तो परवडेनासा झाला.

मला पैशाविरुद्ध लिहायचं नाही. फुटबॉलमध्ये पैसा यावा, भरपूर यावा. पण क्लबचं नाव, रंग, गाव आणि मैदान या गोष्टी मालकाने निर्माण केलेल्या नसतात. त्या पिढ्यान्‌पिढ्या येणाऱ्या प्रेक्षकांनी घडवलेल्या असतात. त्यांचा सौदा प्रेक्षकाला न विचारता होता कामा नये आणि हा अधिकार मालकाच्या चांगुलपणावर न सोडता नियमात लिहिलेला असावा.

असा नियम एके काळी होता. इंग्लंडमधले क्लब एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच कंपन्या बनू लागले, तेव्हा फुटबॉल असोसिएशनने त्यांना वेसण घातली. भागधारकांच्या लाभांशावर मर्यादा ठेवली. संचालकांना पगार नाही. क्लब बुडाला तर मैदान विकून उरलेला पैसा भागधारकांच्या खिशात न जाता दुसऱ्या क्रीडासंस्थेला किंवा धर्मादाय कामाला जावा. हाच पुढे ‘नियम ३४’ म्हणून ओळखला गेला. क्लब कंपनी असेल, पण तो ओरबाडण्याची वस्तू नव्हे, एवढा सरळ विचार त्यामागे होता. १९८३ मध्ये टॉटनहॅमने पळवाट शोधली. क्लबच्या वर एक वेगळी कंपनी उभी केली, ती लंडनच्या शेअर बाजारात नोंदवली आणि वरच्या कंपनीला हा नियम लागू नाही असं ठरलं. असोसिएशनने अडवलं नाही. त्याच वर्षी आणखी एक जुनी रीत मोडली: यजमान क्लब तिकीटविक्रीतला वाटा पाहुण्या संघाला देत असे, तो बंद झाला. कमकुवताला धरून ठेवणारे दोन आधार एकाच वर्षी निखळले, पण याची चर्चा फार थोडी होते. सगळे बोट दाखवतात ते १९९२ कडे, प्रीमियर लीगच्या जन्माकडे. प्रत्यक्षात जमीन नऊ वर्षं आधीच नांगरून तयार होती.

१९९२ मध्ये काय झालं ते थोडक्यात सांगता येईल. ९२ क्लबांच्या जुन्या लीगमधून वरचे २२ क्लब वेगळे झाले. टेलिव्हिजनचा पैसा खालच्या ७० क्लबांबरोबर वाटून घ्यायचा नाही, हा त्यामागचा मुख्य हेतू. स्काय आणि बीबीसी यांच्याबरोबरचा पहिला करार पाच वर्षांसाठी ३० कोटी ४० लाख पौंडांचा म्हणून जाहीर झाला. २०२५ च्या हंगामापासून चालू झालेला फक्त ब्रिटनपुरता करार चार वर्षांसाठी ६७० कोटी पौंडांचा आहे.

या पैशाने चांगलं काहीच केलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. १९८५ मध्ये ब्रॅडफोर्डचा जुना लाकडी स्टँड पेटला, ५६ माणसं गेली. त्याच महिन्यात ब्रुसेल्सच्या हायझेल मैदानात ३९ जण मेले आणि इंग्लिश क्लबांवर युरोपात बंदी आली. कृष्णवर्णीय खेळाडूंवर केळी फेकली जात. बायका-मुलांना घेऊन मैदानावर जावं असं वातावरण फार ठिकाणी नव्हतं. आज ही मैदानं सुरक्षित आहेत, स्वच्छ आहेत आणि जगातले उत्तम खेळाडू तिथे खेळतात. जुन्या दिवसांच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांनी ब्रॅडफोर्ड विसरू नये.

पण या सुधारणेच्या आत एक जुनी वृत्ती तशीच राहिली. ऐंशीच्या दशकात ब्रिटिश सरकारला फुटबॉलचा प्रेक्षक गुन्हेगार वाटत होता. थॅचर सरकारने त्याच्यासाठी ओळखपत्राची योजना आणली होती. टेलर यांनीच ती नाकारली. हिल्सबरोचा दोष पोलिसांनी आणि काही वृत्तपत्रांनी मृतांच्याच माथी मारला. प्रेक्षकांचा दोष नव्हता, ते बेकायदा मारले गेले, असा निर्वाळा ज्यूरीकडून यायला २०१६ साल उजाडलं. दरम्यान तोच प्रेक्षक गुन्हेगार न राहता ग्राहक झाला होता. दोन्ही भूमिकांत त्याला विचारायची गरज कुणाला वाटली नाही.

आणि ग्राहक म्हणावं, तर तो ग्राहकही नव्हे. किराणा दुकानदाराने भाव चढवले तर माणूस पलीकडच्या दुकानात जातो. लिव्हरपूलचा चाहता तिकीट महागलं म्हणून त्याच शहरातल्या एव्हर्टनकडे जात नाही. बापाने खांद्यावर बसवून दाखवलेला संघ तो चाळिशीत बदलत नाही, संघ हरत असताना तर नाहीच नाही. बाजार ज्या स्पर्धेवर चालतो ती इथे नाही. ज्याला दुसरीकडे जाता येत नाही त्याच्याशी व्यवहार करताना विक्रेत्याचे हात बांधलेले असावे लागतात. विजेचे दर, पाण्याचे दर आपण म्हणूनच नियामकाच्या हाती देतो. फुटबॉलची निष्ठा ही मालकासाठी फुकट मिळालेली मक्तेदारी आहे.

तिकिटाइतकाच सामन्याच्या वेळेचाही प्रश्न आहे आणि इथे आपला संबंध येतो. प्रीमियर लीगच्या २०२२ पासूनच्या करारांमध्ये परदेशी प्रक्षेपण हक्कांची किंमत ब्रिटनमधल्या हक्कांपेक्षा जास्त झाली. म्हणजे पुणे, नागपूर, सिंगापूर, लागोस इथला प्रेक्षक आता या खेळाचा मोठा आश्रयदाता आहे. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी साडेबाराला सुरू होणारा सामना आपल्याकडे उन्हाळी वेळेप्रमाणे संध्याकाळी पाचला आणि हिवाळ्यात सहाला दिसतो. चहाच्या वेळी निवांत पाहावा असा. शनिवारी दुपारी तीनचे सामने तर ब्रिटनमध्ये थेट दाखवायला मनाई आहे, खालच्या श्रेणीतल्या मैदानांवरची गर्दी टिकावी म्हणून. ते सामने ठाण्यातला माणूस घरी बसून पाहू शकतो, मँचेस्टरमधला नाही. प्रक्षेपणासाठीच सामने शुक्रवारी, सोमवारी रात्री ठेवले जातात. न्यूकॅसलहून बोर्नमथपर्यंत रस्त्याने साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास अंतर पडतं. रात्री दहाला सामना संपल्यावर परतीची गाडी नसते, दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असतं आणि वेळ बदलल्याचं कळेपर्यंत रेल्वेचं आगाऊ तिकीट काढून झालेलं असतं. आपल्या पडद्यावर जी गर्जना ऐकू येते ती याच माणसांची. करोनाच्या काळात रिकाम्या मैदानांतले सामने आपण पाहिले आहेत. वाहिन्यांना ध्वनिमुद्रित जल्लोष वाजवावा लागला होता. दूरचित्रवाणीचा माल या प्रवासी प्रेक्षकावाचून तयारच होत नाही.

मालकी बदलते तेव्हा चाहत्याचं काय होतं, याची दोन उदाहरणं मला सर्वांत बोलकी वाटतात. २००५ मध्ये अमेरिकेच्या ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड सुमारे ७९ कोटी पौंडांना घेतला. त्यातली मोठी रक्कम कर्जाऊ होती आणि त्या कर्जाचा मोठा भाग क्लबवरच लादला गेला. जो क्लब विकला गेला त्याच्याच कमाईतून त्याच्या खरेदीचं व्याज फिटू लागलं. चिडलेल्या काही चाहत्यांनी ‘एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर’ नावाचा स्वतःचा क्लब काढला, एका सदस्याला एक मत या तत्त्वावर. दहा वर्षांत त्यांनी मैदानही उभं केलं.

दुसरं उदाहरण विम्बल्डनचं. १९८८ मध्ये लिव्हरपूलला हरवून एफए कप जिंकणारा हा दक्षिण लंडनचा क्लब. २००२ मध्ये मालकांना तो ९० किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्स या नव्या शहरात न्यायचा होता आणि तिघांच्या आयोगाने तशी परवानगी दिली. शंभरहून जास्त वर्षं जुना क्लब सामानासारखा हलवला गेला. चाहत्यांनी त्याच उन्हाळ्यात ‘एएफसी विम्बल्डन’ स्थापन केला, सार्वजनिक मैदानावर निवड चाचणी घेऊन खेळाडू गोळा केले आणि नवव्या श्रेणीपासून सुरुवात केली. २०११ मध्ये ते व्यावसायिक लीगमध्ये परतले, २०२० मध्ये जुन्या प्लाउ लेनच्या परिसरातल्या नव्या मैदानात. क्लब म्हणजे काय, याचं उत्तर या अठरा वर्षांत मिळतं. कागदावरची नोंदणी मिल्टन कीन्सला गेली, क्लब विम्बल्डनमध्ये राहिला.

सगळ्यांना हे जमत नाही. १८८५ मध्ये स्थापन झालेला, दोनदा एफए कप जिंकलेला बेरी हा क्लब १ पौंडाला विकला गेला आणि वर्षभराच्या आत, २०१९ च्या ऑगस्टमध्ये, देणी न भागवल्याने लीगमधून बाहेर काढला गेला. वरच्या श्रेणीत अब्जावधी खेळत असताना मँचेस्टरच्या अगदी शेजारी हे घडलं.

चाहते लढले तेव्हा काही वेळा जिंकलेही. ७७ पौंडांच्या तिकिटाविरुद्ध लिव्हरपूलचे हजारो प्रेक्षक सामन्याच्या ७७ व्या मिनिटाला उठून बाहेर गेले. संघ तेव्हा २-० ने पुढे होता, सामना २-२ असा सुटला आणि काही दिवसांत मालकांनी दर मागे घेऊन माफी मागितली. त्याच वर्षी प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या संघाच्या चाहत्यांच्या तिकिटावर ३० पौंडांची मर्यादा आली. २०२१ च्या १८ एप्रिलला युरोपातल्या बारा श्रीमंत क्लबांनी सुपर लीगची घोषणा केली. तिच्या संस्थापकांना खालच्या श्रेणीत घसरायची भीतीच राहणार नव्हती. दोन दिवसांत सहाही इंग्लिश क्लबांनी माघार घेतली, कारण त्यांचेच चाहते रस्त्यावर उतरले होते.

जर्मनीत हा लढा नियमाच्या आधाराने लढता येतो. १९९८ मध्ये तिथे क्लबांना आपला फुटबॉल विभाग कंपनीत बदलायची मुभा दिली, पण मतांमधला बहुमताचा वाटा, पन्नास टक्के अधिक एक, क्लबच्या सदस्यांकडेच राहील अशी अट घातली. डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडमध्ये आजही सुमारे २५ हजार लोक उभं राहून सामना पाहतात. २०२४ च्या फेब्रुवारीत जर्मन लीगने प्रक्षेपण उत्पन्नातला हिस्सा गुंतवणूकदाराला विकायचा बेत सोडून दिला. प्रेक्षकांनी आठवडेच्या आठवडे मैदानात टेनिसचे चेंडू फेकून सामने थांबवले होते. या व्यवस्थेला वैगुण्यं आहेत. लेव्हरकुसेन आणि वोल्फ्सबुर्ग हे कंपन्यांचे क्लब अपवाद म्हणून चालतात, आणि २०१३ ते २०२३ अशी सलग अकरा वर्षं एकटं बायर्न म्युनिक विजेतं ठरलं. स्पर्धेतली विषमता सदस्यांच्या मताधिकाराने आपोआप मिटत नाही. पण तिथला माणूस कमी खर्चात मैदानावर जातो आणि त्याच्या क्लबचं गाव कुणी हलवू शकत नाही, हे मला अकरा विजेतेपदांपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

इंग्लंडने उशिरा का होईना, २०२५ मध्ये फुटबॉल प्रशासन कायदा केला. स्वतंत्र नियामक आला, क्लबांना परवाना सक्तीचा झाला. मैदान विकायचं किंवा गाव सोडायचं तर नियामकाची मंजुरी लागेल, बोधचिन्ह किंवा घरच्या जर्सीचे रंग बदलायचे तर बहुसंख्य चाहत्यांचा पाठिंबा. कार्डिफ सिटीचा निळा रंग मालकाने २०१२ मध्ये लाल केला होता आणि तो परत निळा व्हायला २०१५ उजाडलं होतं. आता ते घडणार नाही. तिकिटाच्या दराबाबत मात्र या कायद्यात सल्लामसलतीपलीकडे काही नाही, आणि तिथे तो अपुरा आहे.

आपल्याकडे काय चित्र आहे? आय-लीग ही राष्ट्रीय लीग सुरू झाल्यापासूनची पहिली सहाही विजेतेपदं, २००७-०८ ते २०१२-१३, गोव्यात गेली: धेंपो तीनदा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा. एवढ्याशा राज्याने देशावर असं राज्य केलं होतं. २०१० मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाने पंधरा वर्षांसाठी व्यापारी हक्क एका खासगी समूहाला ७०० कोटी रुपयांना दिले, २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली आणि तिलाच देशातली सर्वोच्च लीग करण्याचा आराखडा मांडला गेला. त्याचा निषेध म्हणून २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. फातोर्ड्याच्या मैदानावर एफसी गोवाला प्रेम मिळालं, तो संघ चांगला खेळला, हे खरंच आहे. पण वास्को आणि पणजीच्या चाहत्याला त्याचा जुना संघ देशाच्या मंचावरून का गेला, हे कुणी विचारून ठरवलं नव्हतं.

पुण्यात तर याहून वाईट झालं. बालेवाडीत खेळणारा एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये आर्थिक अडचणीत बंद पडला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. त्याच वर्षी दिल्लीचा संघ भुवनेश्वरला गेला. हैदराबादने २०२२ मध्ये विजेतेपद मिळवलं आणि २०२५ मध्ये तो संघही दिल्लीला हलला. तिन्ही ठिकाणी कुणाची तरी पोरं त्या रंगाच्या जर्सी घालून शाळेतल्या मित्रांशी भांडली असतील. पुण्यात विम्बल्डनसारखं काही उभं राहिलं नाही. पाच वर्षांत तेवढी मुळं धरत नाहीत, हे त्याचं कारण असेल. पण उपटून नेलेल्या संघाला मुळं धरायची तरी कधी?

कोलकात्याने वेगळं करून दाखवलं. १८८९ चा मोहन बागान २०२० मध्ये एटीके या फ्रँचायझीशी जोडला गेला आणि संघाच्या नावापुढे ती तीन अक्षरं चिकटली. चाहत्यांनी तीन वर्षं ती काढून टाकण्याची मागणी लावून धरली. २०२३ च्या मार्चमध्ये फातोर्ड्यात संघाने लीग जिंकली, त्याच रात्री मालकांनी नाव बदलल्याचं जाहीर केलं. मात्र ही मालकाने दिलेली सवलत होती. नियमात तशी तरतूद नव्हती.

मुंबईची गोष्ट अधिक विचारात पाडणारी आहे. २०१८ च्या जूनमध्ये अंधेरीच्या मैदानावर भारताने चायनीज तैपेईला ५-० ने हरवलं, सुनील छेत्रीने तीन गोल केले आणि प्रेक्षक होते २,५६९. युरोपातल्या क्लबांच्या जर्सी मुंबईच्या रस्त्यारस्त्यावर दिसत होत्या. छेत्रीने चित्रफितीतून हात जोडून बोलावल्यावर पुढच्या सामन्याची सगळी तिकिटं संपली. लोक यायला तयार असतात. बोलावणारं कुणी लागतं. २०१९ मध्ये मुंबई सिटीचे ६५ टक्के भाग मँचेस्टर सिटीच्या समूहाने घेतले, संघ विजेता झाला आणि २०२५ च्या डिसेंबरमध्ये तो समूह निघून गेला. त्याआधी जुलैत, पंधरा वर्षांचा करार संपत आल्याने लीगचा हंगामच थांबवला होता आणि पुढे नव्या हक्कांच्या निविदेला एकही बोली आली नाही. गुंतवणूकदार आला तसा गेला. जायचा पर्याय नव्हता तो फक्त चाहत्याला.

या सगळ्यात कोल्हापूरकडे पाहावं. पाटाकडील तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, बालगोपाल हे संघ तालमींचे, पेठांचे. राजर्षी शाहू स्टेडियमवर त्यांच्या सामन्याला होणारी गर्दी पाहून मोठ्या शहरांना हेवा वाटावा. तिथेही पैसा आला आहे: राजकीय नेत्यांच्या नावाचे चषक, मोठी बक्षिसं, आफ्रिकेतून बोलावलेले खेळाडू. हुल्लडबाजीने सामने थांबले आहेत, तेही लपवण्यासारखं नाही. पण पेठेचा संघ विकायला काढता येत नाही, कारण तो कुणा एकाचा नाही. अनिकेत जाधव याच मातीतून २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला.

भारतीय फुटबॉलचा व्यापारी पाया नव्याने रचला जाणार आहे. महासंघाने पुढच्या दीर्घ मुदतीच्या करारात स्पष्ट लिहावं, की कुठल्याही क्लबला चाहत्यांच्या नोंदणीकृत संघटनेच्या बहुमताशिवाय गाव, नाव किंवा रंग बदलता येणार नाही. संघटनेचा एक प्रतिनिधी संचालक मंडळावर मतासह बसेल. आणि प्रत्येक मैदानात ठरावीक जागा शाळकरी मुलांना परवडेल अशा दरात राहतील. यातलं काहीही गुंतवणूकदाराला पळवून लावण्याएवढं जाचक नाही. पण संघटना असल्याशिवाय ही अट कुणासाठी लिहायची? म्हणून मुंबई, पुणे, मडगाव, कोल्हापूर इथल्या चाहत्यांनी आधी रीतसर नोंदणी करावी आणि आपली मागणी महासंघाला लेखी द्यावी, करारावर सह्या होण्याआधी.